जांभा, काळा दगड, शहाबादी

बीदरला डोंगर दिसत नाही, कारण माणूस तिथे डोंगराच्या माथ्यावरच उभा असतो. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली बालाघाटाची रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा पूर्वेकडे प्रवास करताना रुंद होत जाते, सपाट होत जाते आणि उमरगा मागे टाकल्यावर तिला रांग म्हणवतच नाही. शिखर नाही, सुळका नाही, छाती दडपावी अशी दरीही नाही. पण साधारण साडेसहाशे मीटर उंचीवरचं हे पठार दक्षिणेला चिंचोळीच्या जंगलात तुटतं आणि तिथून कागिणा नि भीमा या नद्यांच्या काठापर्यंत जमीन टप्प्याटप्प्याने खाली येते. मोटारीत बसलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. पायडल मारणाऱ्याच्या मांड्यांना मात्र सगळं कळतं.

आम्ही चौघं उमरग्यात जमलो ते हे पठार चढून उतरण्यासाठी. उमरग्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवणारे सर, सोलापूरच्या यंत्रमागांची दुरुस्ती करणारा मित्र, भालकीच्या दवाखान्यात परिचारिका असलेल्या अक्का आणि मी. तिघांकडे गिअरच्या सायकली होत्या. सोलापूरकराकडे त्याच्या वडिलांची जुनी काळी सायकल होती, दांड्याची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. सगळ्यांच्या आधी चढ संपवून वर थांबलेला असायचा तोच. रस्ता सरांनी आखला होता: उमरगा, बसवकल्याण, हुमनाबाद, बीदर, तिथून खाली चिंचोळी, सेडम, मळखेड, शहाबाद आणि शेवटी भीमाकाठचं सन्नती. त्यांची अट एकच होती. दर मुक्कामी पायाखालचा दगड कोणता, ते बघायचं.

मराठी सायकलस्वारांचा ओढा हिमालयाकडे आहे. पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात सायकली खोक्यांत बांधून मनालीला जातात. रोहतांग, बारालाचा, टांगलांग या खिंडी ओलांडून मंडळी लेहला पोचतात आणि वर खारदुंगलाही जाऊन येतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका खंड आडवा ओलांडणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. तसं करणारा तो पहिला भारतीय संघ. त्याही आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईच्या एका व्यायामशाळेतले सहा पारशी मित्र सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं ती फेरी पुरी करून मार्च १९२८ मध्ये परत आले, तेव्हा सुमारे ७१ हजार किलोमीटर झाले होते. आणि १९८५च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. या सगळ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण मराठी माणूस बीदर-कलबुर्गीला जातो तो गाणगापूरच्या बसने, नाहीतर हैदराबादला जाताना खिडकीतून बघत. या भूमीचा चढ-उतार त्याच्या अंगात कधी उतरलेलाच नसतो. मला वाटतं, आपण या मुलखाला एक रेघ म्हणून ओळखतो, आणि तो आहे एक उतार.

निघायला दिवस निवडला होता येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरचा पूर्व भाग आणि पलीकडे बीदर, कलबुर्गी इथली गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. दुकानं बंद, चौक ओस. एरवी ट्रकांनी गजबजलेल्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावरही त्या सकाळी मोकळं वाटत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, तूर शेंगांनी वाकलेली, हरभरा घाट्यांत. आणि प्रत्येक शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, आणि त्यांच्यापुढे आंबिलीचं मडकं.

तुरोरी मागे पडल्यावर एका बांधावरून हाक आली. “कुठं निघालाव ओ सायकलीवर सणाचं? टाका की त्या सायकली बांधाला. आंबील घेतल्याबिगर पुढं जायचं न्हाई.” हाक मारणाऱ्या बाईंनी आमचं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. त्या दिवशी शेतावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, हा तिथला रिवाज आहे. पंगत कडब्यावरच बसली. पानात भज्जी आली. ही तळलेली भजी नव्हेत, हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे कोवळे दाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली, चिंचेच्या आंबटपणाची दाट भाजी. बरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. आणि लसूण घातलेली ताकातली आंबील, तांब्या तांब्याने. सायकलवाल्याला लागतं ते सगळं त्या एका पानात होतं: मीठ, पाणी, पिष्ट, गूळ. आजकाल शर्यतीत पाकिटातून पिळून खातात त्या जेलपेक्षा मला आंबिलीवर जास्त भरवसा आहे.

हात धुताना सरांनी बांधावरचा एक दगड उचलून दाखवला. काळा, जड, बारीक भोकं असलेला, काही भोकांत पांढरे स्फटिक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पसरलेल्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. त्याचीच झीज होऊन ही काळी माती झाली, आणि त्याच मातीत तूर नि ज्वारी. “इथून सुरुवात,” सर म्हणाले. “हा मधला थर. वरचा बीदरला, खालचा शहाबादला.”

तलमोडचा टोलनाका गेला, पाट्यांवरची अक्षरं बदलली आणि आम्ही कर्नाटकात होतो. शेतं तीच, कोपी त्याच. पुढच्या एका शेतातून तशीच हाक आली, फक्त आता ती “बर्री, ऊटा माड्री” अशी होती. पोट भरलेलं असल्यामुळे आम्ही नुसती आंबील घेतली. तिथल्या म्हातारबांनी अक्कांशी कन्नडमध्ये, सरांशी मराठीत आणि टेम्पो घेऊन आलेल्या पोराशी दखनीत बोलणं केलं, तेही एकाच दमात.

सीमाप्रश्न मला हलका करायचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातले कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा बीदर जिल्ह्यातली भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गीतलं आळंद इथली पुष्कळ मराठी घरं पलीकडे गेली. १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो प्रश्न खरा आहे, आणि तो ज्यांच्या घरात आहे ते तो रोज जगतात. अक्का त्यांतल्याच. “माझं माहेर घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी,” त्या चालत्या सायकलीवरून म्हणाल्या. “दवाखान्यात पेशंट ज्या भाषेत कण्हतो त्या भाषेत बोलायचं, एवढंच मला माहीत.” त्यांना मराठी शाळा टिकायला हव्या आहेत, आणि मुलीला चांगलं कन्नडही यायला हवं आहे. या दोन इच्छांत त्यांना विरोध दिसत नाही, मलाही दिसला नाही.

सस्तापूर बंगल्यापाशी महामार्ग सोडून आम्ही बसवकल्याणकडे वळलो. अकराव्या शतकाच्या मध्याला चालुक्य राजा पहिल्या सोमेश्वराने राजधानी मळखेडहून इथे, म्हणजे कल्याणला, आणली. पुढची शंभरेक वर्षं दख्खनची बुद्धी इथे एकवटली होती. सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी काश्मीरहून आलेला बिल्हण होता. विज्ञानेश्वराने इथेच ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि हिंदू कुटुंबातल्या वारसाहक्काचे खटले अगदी इंग्रजी अमदानीतही त्या ग्रंथावर चालले. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. कन्नड भूमीतल्या या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीचे जे अगदी जुने दाखले मिळतात, त्यांतला हा एक. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या गाण्याची नोंद बाराव्या शतकात झाली ती कल्याणच्या राजवाड्यात.

सोलापूरकर मित्राला या सगळ्यापेक्षा एकच गोष्ट महत्त्वाची होती. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात तळं खोदत होता, देवळं बांधत होता, आणि अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर तो कल्याणला बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात आला, असं शरण परंपरा सांगते. “आमचा सिद्धराम याच वाटेनं आला असंल की बे,” तो म्हणाला. त्याने सायकल त्रिपुरांत तळ्याच्या काठी लावली आणि बराच वेळ काही बोलला नाही. संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेत तो दरवर्षी नंदीध्वजाबरोबर चालतो. त्याच्या दृष्टीने ही सहल नव्हती. चांभार, धोबी, नावाडी, राजाचा मंत्री आणि घर सोडून आलेली अक्कमहादेवी एका मांडवात बसून वाद घालत होते, ते गाव त्याला आपल्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे हे अंगाने अनुभवायचं होतं. नव्या अनुभव मंटपाचं प्रचंड बांधकाम तिथे चालू आहे. ते भव्य होईल. मला किल्ल्याचा तो काळ्या दगडाचा जुना बुरूज जास्त जवळचा वाटला, ही माझी आवड.

हुमनाबादच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे दिवा नाही. सायकलवाल्याने इथे अंधार पडल्यावर रस्त्यावर राहूच नये. आम्ही उजेडातच माणिकप्रभूंच्या मठाचं माणिकनगर गाठलं. माणिकप्रभूंचा जन्म १८१७चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा, आणि समाधी १८६५ची. त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदुस्थानीत पदं रचली, आणि कोणत्याही मताला खोटं न म्हणणारा सकलमत संप्रदाय उभा केला. त्या मठात रात्री झालेलं भजन एका भाषेत सुरू झालं आणि दुसरीत संपलं. बसलेल्यांत कुणाला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

हुमनाबाद ते बीदर हा रस्ता दिसायला सपाट आहे. पण वाटेत कुठेतरी माती लाल झालेली असते. आधी काळ्यात तांबूस झाक, मग विटकरी, आणि बीदर जवळ येताच रस्त्याकडेच्या खणीत जांभ्याची उभी भिंत. कोकणातल्या माणसाला घरच्यासारखं वाटावं असा हा दगड समुद्रापासून इतक्या आत, मराठवाड्याच्या शेजारी असेल, हे अनेकांना ठाऊक नसतं. बेसाल्टच उष्ण-दमट हवेत लाखो वर्षं कुजत गेला, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह नि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं: तो हा जांभा. बीदरच्या परिसरात त्याचा थर काही ठिकाणी शंभर फुटांहून जाड आहे. काळ्या दगडाच्या डोंगराला घातलेली ती लाल टोपी.

बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याची, म्हणजे आजच्या कलबुर्गीची, राजधानी हलवून इथे का आणली, याच्या शिकारीच्या दंतकथा गाईड सांगतात. मला कारण पाण्यात दिसतं. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि जिथे तळाशी चिकणमातीचा घट्ट थर लागतो तिथे अडतं, आडवं सरकतं, आणि पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं. बीदरचे तीन सगळ्यात प्रसिद्ध पाणवठे म्हणजे याच एका गोष्टीची तीन रूपं आहेत. गुरू नानकांच्या पायांतून फुटला असं शीख भाविक मानतात तो झिरा. जिथे छातीभर पाण्यातून अंधाऱ्या भुयारात चालत जाऊन नरसिंहाचं दर्शन घ्यायचं ती झरणी. आणि नौबादचा करेझ.

करेझपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. ही इराणी विद्या. उंचावर, जिथे पाणी लागेल तिथे, मूळ विहीर खणायची. तिच्या तळापासून जमिनीखालून अगदी किंचित उताराचं भुयार काढायचं, आणि ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी सोडायच्या, माती वर काढायला नि हवा खेळायला. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खणून काढतं, कमी झाला तर गाळ बसतो. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी कित्येक हजार फूट चालत वस्तीपर्यंत येतं आणि वाटेत उन्हाने आटतही नाही. बहमनी दरबारात किरमानहून आलेल्या सुफी घराण्याचा मान होता, अष्टूरला त्यांची चौखंडी नावाची कबर अजून उभी आहे. माणसं आली तशी ही विद्याही आली असणार. कठीण काळ्या दगडात हे भुयार खणणं जवळजवळ अशक्य होतं. मऊ, हवेत आल्यावर कडक होणाऱ्या जांभ्यात ते जमलं. बीदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक याच जांभ्यात कोरून काढला आहे.

केरळचे भूगोल-अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या करेझचा माग काढला, शहरातली जिज्ञासू माणसं त्यांच्या बरोबर आली, प्रशासनाने गाळ उपसला. २०१४ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने बीदरचं जुनं शहर आपल्या लक्ष ठेवण्याच्या यादीत घेतलं होतं. पण पठारावर कूपनलिका वाढत आहेत, नव्या वसाहती विहिरींच्या तोंडाशी येऊन ठेपल्या आहेत. जांभ्यातलं पाणी एकदा खालून उपसलं की कडेचे झरे सुकणारच. राजवाड्याच्या रंगीत फरशांइतकंच महत्त्व या अंधाऱ्या भुयाराला मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. गुलाम याझदानींनी १९४७ साली बीदरवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून इमारती जगाला माहीत आहेत. पाण्याची बांधणी मात्र अजून निम्म्या शहरालाही नीट ठाऊक नाही.

मराठी संतकथांतला ‘बेदरचा बादशहा’ मला या पाण्यापाशी आठवला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटवली, आणि बादशहाकडे पैसा भरायला विठ्ठल महाराच्या रूपात बीदरला गेला. नारायणपेठेच्या देशपांड्यांकडून दुष्काळात वसूल आला नाही म्हणून लहानग्या दासोपंतांना बीदरला ओलीस ठेवलं, आणि पैसा दत्ताने भरला. तेच दासोपंत पुढे अंबाजोगाईला स्थायिक झाले आणि पासोडीवर लिहिते झाले. दोन वेगळ्या शतकांतल्या या कथा, पण सांगाडा एक: पाऊस पडत नाही, वसुली थांबत नाही, आणि बीदर वर उंचावर आहे. गुरुचरित्रातला मांडीला फोड झालेला यवन राजाही बीदरचाच, तो गाणगापूरला खाली नरसिंह सरस्वतींकडे येतो. आपल्या परंपरेने या पठाराचा उतार फार पूर्वी ओळखला होता. गाऱ्हाणं वर जातं आणि राजाला बरं व्हायचं असेल तेव्हा तो खाली येतो.

बीदरहून पुढे उतरण. मन्नाएखेळीला महामार्ग ओलांडून दक्षिणेला गेलं की वस्ती विरळ होते आणि चिंचोळीचं जंगल लागतं. हे २०११ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं आहे. आंध्र-केरळच्या घनदाट रानांची सवय असलेल्याला ते किरकोळ वाटेल. पण कोरडवाहू मुलखातलं पानगळीचं जंगल असंच असतं: धावडा, साग, पळस, मध्येच चंदन, आणि गुडघाभर पिवळं गवत. इथे लांडगा आहे, तरस आहे. पठाराची कड इथे खरीखुरी दिसते. लाल माथा वर राहतो, रस्ता वळणं घेत काळ्या दगडात शिरतो आणि डावीकडे अचानक चंद्रमपल्लीच्या धरणाचं पाणी उघडतं. घाट म्हणून सह्याद्रीपुढे तो काहीच नाही. पण गेल्या कित्येक तासांत ज्या उंचीचा पत्ताही नव्हता, ती एकदम पायांखालून सुटते, तेव्हा पोटात खड्डा पडतोच.

उतारावर सोलापूरकराच्या सायकलचा मागचा ब्रेक तापून वास यायला लागला. तो खाली उतरला, वायरच्या तुकड्याने काहीतरी आवळलं आणि पुन्हा निघाला. आमच्या तिघांच्या गिअरच्या सायकली मात्र बाभळीच्या काट्यांनी आळीपाळीने पंक्चर केल्या. एका तांड्याजवळ ट्यूब काढून बसलो होतो, तेव्हा बंजारा बायका पाण्याच्या घागरी घेऊन चालल्या होत्या. पंक्चर शोधायला लागणारं पाणी त्यांनी न मागता ओतून दिलं. या तांड्यांतली माणसं ऊसतोडीला महाराष्ट्रात येतात, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर येतात. त्यांतली एक तर हडपसरचे चौक मला विचारू लागली. आमची सहल ज्या दिशेला चालली होती, तिच्या नेमक्या उलट दिशेने त्यांचा दरवर्षीचा रस्ता जातो, आणि तो पोटासाठी.

या कड्याची दखल रेल्वेलाही घ्यावी लागली. बीदर-कलबुर्गी मार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, त्यावर मरगुत्तीजवळ डोंगरातून बोगदा काढावा लागला. डोंगर नाही असं म्हणणाऱ्यांना मी तो बोगदा दाखवतो.

खाली सेडमकडे पुन्हा काळी माती, पुन्हा तूर, मैलोन्‌मैल. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या डाळीची चव जमिनीखालच्या चुनखडीमुळे आहे, असं शेतकरी सांगतात. सकाळी एका टपरीवर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी खाल्ली. लातूरच्या स्टँडवर मिळतो तोच सुशीला, तीच फोडणी. कागिणेच्या काठी मळखेडचा मोडका किल्ला लागला. राष्ट्रकूटांची ही राजधानी मान्यखेट. इथल्या अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्यात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं म्हटलं आहे. इकडच्या राजवाड्यात ओवीची नोंद, तिकडच्या ग्रंथात गोदावरीची हद्द. सर आणि अक्का यांच्यात यावरून जुंपली, ती शहाबाद येईपर्यंत.

शहाबादला जमीन पुन्हा रंग बदलते. राखाडी, निळसर, कुठे पिवळट. ही चुनखडी म्हणजे एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल, पन्नास कोटी वर्षांहूनही जुना. म्हणजे लाव्हा आला तेव्हा हा दगड आधीच म्हातारा होता. काळा दगड याच्यावर पसरला, त्याच्या माथ्यावर जांभा तयार झाला. बीदरपासून इथपर्यंत आम्ही जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे मीटर उतरलो होतो, पण थरांच्या हिशेबात जगाच्या पार जुन्या पानापर्यंत आलो होतो. हे पुस्तकात वाचून मला कधी उमगलं नव्हतं. उतरताना उमगलं.

आणि हा दगड महाराष्ट्रात कुणाच्या पायाखाली नाही? स्वयंपाकघरातला ओटा, वाड्यातली ओसरी, न्हाणी, शाळेचा व्हरांडा, एस. टी. स्टँड, रेल्वेचा फलाट. चिखल थराथराने साचला म्हणून दगड थराथराने सुटतो. खाणीत कामगार पहारीने आणि छिन्नीने थराच्या सांध्यात पाचर घालतात, हातोडा बेताने मारत पुढे सरकतात, आणि अख्खी फरशी जमिनीपासून सुटून वर येते. एक वयस्क कामगार हातोडा मारताना प्रत्येक वेळी दगडाला कान लावत होता. आवाज बोदा आला तर आत भेग आहे, फरशी तुटणार. त्याच्या हातांना चिरा पडल्या होत्या, खोकला थांबत नव्हता. इथला दगड घरोघर गेला, इथले हात मात्र कुणाला माहीत झाले नाहीत. वापरून संपलेल्या खाणींत पाणी साचून हिरवे डोह झाले आहेत, शेजारी सिमेंटच्या चिमण्या. मित्राने त्या कामगाराला विचारलं, सोलापूरला माल जातो का. तो म्हणाला, “सोलापूर, पुणे, बंबई, सब जगह. हमारे घर में मिट्टी है.”

शेवटचा टप्पा सन्नतीचा. भीमेकाठची चंद्रलांबा पुष्कळ मराठी घराण्यांची कुलदेवता आहे. १९८६ साली या देवळाच्या आवारातल्या कालीच्या मंदिराचं छत कोसळलं, आणि मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आदेशांची निघाली. तिच्यावर बाराव्या आणि चौदाव्या आदेशाचा भाग आहे, आणि एरवी फक्त कलिंगात, धौली आणि जौगड इथे, सापडणारे स्वतंत्र आदेशही आहेत. बाराव्या आदेशाचा विषय, दुसऱ्यांच्या पंथांचा मान राखावा, हा. शेजारच्या कनगनहळ्ळीला १९९०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने स्तूप उकरला. त्याच्या एका शिल्पावर राजा नि राण्या कोरल्या आहेत आणि ब्राह्मीत अशोकाचं नाव आहे. हे सगळं याच चुनखडीत. समुद्रतळाचा तो बारीक चिखल इतका सलग साचला होता, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही दागिन्यांचे मणी मोजता येतात.

वाडी जंक्शनला सायकली पार्सलला दिल्या. गाडी येईपर्यंत सर आणि सोलापूरकर यांचा वाद रंगला. सर म्हणत होते, हा रस्ता असाच करायचा, वरून खाली, दगड तरुण ते म्हातारा. मित्राचं म्हणणं, चूक. सिद्धराम चढत गेला, दामाजीचा विठ्ठल चढत गेला, आपणही शहाबादेतून बीदर चढायचं. अक्का त्याच्या बाजूच्या. मीही. पुढच्या येळवशीच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने वाडीला उतरायचं, आंबील या वेळी कागिणेकाठच्या शेतात घ्यायची आणि चिंचोळीचा चढ सकाळच्या थंडीत काढायचा, असं ठरलं आहे. सरांनी कबूल केलंय, पण मधला मुक्काम मळखेडलाच हवा, कविराजमार्गाचा वाद अजून बाकी आहे म्हणून.